बदकांचा हिवाळा

हिवाळा म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हुरडा येतो, गुळपोळी येते, अंगणातली शेकोटी येते. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागायतदारांच्या चिंतेची बातमी पहिल्या पानावर झळकते आणि आपण पुण्यामुंबईकडचे लोक ट्रंकेतले स्वेटर काढून उन्हात टाकतो. अशा या आपल्या सौम्य हिवाळ्यात दूरदूरचे पाहुणे मुक्कामाला येतात. नांदूर मधमेश्वरला, जायकवाडीला, उजनीला चक्रवाक उतरतात, थापट्या उतरतात, पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून येतात. थंडी पडली की निघायचे आणि उबेला येऊन बसायचे, हे शहाणपण रानबदकांच्या रक्तातच आहे.

पण ज्या बदकांना उडताच येत नाही त्यांनी काय करायचे?

प्रश्न पोरकट वाटेल. जे. डी. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ या १९५१ सालच्या कादंबरीतला मुलगा हाच प्रश्न न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांना विचारत फिरतो. सेंट्रल पार्कातले तळे गोठले की तिथली बदके जातात कुठे? टॅक्सीवाले वैतागतात, उत्तर कोणी देत नाही. आपल्याकडे गदिमांच्या गाण्यामुळे ते कुरूप वेडे पिल्लू घराघरांत पोचले. पण हान्स अँडरसनच्या १८४३ सालच्या मूळ गोष्टीत एक भयंकर हिवाळा आहे, तो आपल्या गाण्यात नाही. तिथे ते पिल्लू पाणी गोठू नये म्हणून सारखे पाय मारत राहते. भोवतालचे मोकळे पाणी रोज रात्री थोडे थोडे आकसत जाते, शेवटी ते दमून बर्फात अडकून पडते आणि सकाळी एक शेतकरी पायातल्या लाकडी जोड्याने बर्फ फोडून त्याला घरी नेतो. डेन्मार्कमधल्या माणसाला ही गोष्ट हिवाळ्याविना सांगता आली नसती. आपल्याला हिवाळ्याची गरजच पडली नाही.

मला पडली, कारण माझी लेक अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते आणि तिने परसात बदके पाळली आहेत.

मिनेसोटा हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या तोंडी नसते. लोक न्यू जर्सीला जातात, कॅलिफोर्नियाला जातात. मिनेसोटा कॅनडाला चिकटून आहे. या राज्यातल्या टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. लेक राहते ते मिनिआपोलिस शहर बरेच दक्षिणेला आहे, तरी नोव्हेंबरात पडलेला बर्फ कित्येकदा मार्चपर्यंत अंगणात तसाच असतो. जानेवारीत सूर्य उगवतो पावणेआठला आणि पाचच्या सुमारास गडप होतो. मी २०१८ साली बँकेतून निवृत्त झाले आणि त्याच हिवाळ्यात तिकडे गेले. नातवाने विमानतळावरच सांगून टाकले, ‘‘आजी, आपल्याकडे इडली, बर्फी, मोदक, करंजी, चकली आणि पेढा आहेत.’’ मला वाटले, लेकीने फराळ केला आहे. ती सहा बदकांची नावे निघाली.

त्यांतली पहिली चार पांढरीशुभ्र, पेकिन जातीची. ही जात मूळची चीनमधली; १८७३ साली काही पक्षी तिथून जहाजाने अमेरिकेत आले आणि त्यांची प्रजा देशभर पसरली. चकली आणि पेढा या दोघी खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमधल्या कॅम्पबेल नावाच्या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात तयार केली. तिच्यात ‘इंडियन रनर’ बदकाचे रक्त आहे, आणि त्या इंडियन रनरचा इंडियाशी काही संबंध नाही, ती इंडोनेशियाच्या बेटांवरची. नावावर जाऊ नये, हे बँकेत अर्जदारांची कागदपत्रे तपासताना शिकले होतेच. नर एकटा मोदक, बाकी पाच माद्या. ही सगळी बदके मूळ रानातल्या मॅलार्ड बदकाची वंशज आहेत, पण माणसाने त्यांना खाऊपिऊ घालून इतके जड केले आहे की पेकिनला कुंपणावरूनही उडता येत नाही. उडण्याची विद्या आपण काढून घेतली. म्हणजे हिवाळ्याची जबाबदारीही ओघाने आपल्याकडे आली.

आता खरी गंमत अशी की, बदकाला थंडीचे फारसे काही वाटत नाही. पहिल्याच सकाळी मी खिडकीतून पाहिले तर बाहेर उणे बारा आणि मोदकराव बर्फावर पोट टेकून निवांत बसलेले. बाहेरच्या पिसांखाली मऊ परांचा दाट थर असतो, त्याखाली चरबी. शेपटीच्या बुडाशी एक ग्रंथी असते, तिच्यातले तेल चोचीने काढून बदक दिवसभर पिसांना चोपडत बसते, म्हणून पाणी आतपर्यंत पोचत नाही. आत शरीराचे तापमान ४१-४२ अंश. आपल्याला इतका ताप चढला तर आपण डॉक्टरला बोलावू.

राहता राहिले पाय. ते उघडे, पातळ, बर्फावर ठेवलेले. ते का गोठत नाहीत? उत्तर मला फार आवडले. पायाकडे गरम रक्त नेणारी रोहिणी आणि पायाकडून गार रक्त परत आणणारी नीला या बदकाच्या पायात एकमेकींना अगदी खेटून असतात. जाणारे रक्त वाटेतच आपली ऊब येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. म्हणजे पावलापर्यंत गारच रक्त पोचते, पाऊल गोठणार नाही इतपत. आणि शरीराची ऊब शरीरातच राहते. आमच्या क्लिअरिंग हाऊससारखेच हे. या बँकेने त्या बँकेला द्यायचे आणि तिने हिला द्यायचे, ते जागच्या जागी वळते होते, रोकड फारशी हलत नाही. शिवाय पावलात मांस जवळजवळ नसतेच, हाडे आणि स्नायुबंध, त्यामुळे त्याला खर्चही कमी. आणि फारच झाले तर बदक एक पाय पोटाच्या पिसांत ओढून दुसऱ्यावर उभे राहते, किंवा खाली बसून दोन्ही झाकून घेते.

मग पाळणाऱ्याने करायचे काय? लेकीचे उत्तर ठरलेले. ‘‘आई, थंडीची काळजी नाही गं. ओल आणि वारा, या दोघांना सांभाळायचे.’’

ओल येते कुठून, तर बदकापासूनच. बदक म्हणजे पाण्याचे गिऱ्हाईक. त्याची विष्ठा पातळ, त्याचा श्वास दमट, आणि पाण्याचे भांडे दिसले की निम्मे पाणी बाहेर. खुराडे उबदार राहावे म्हणून कुणी सगळ्या फटी बुजवून टाकल्या तर ही सगळी वाफ आत कोंडते, भिंतींना आतून बर्फाची खर धरते, पिसे ओलसर होतात आणि पायांना हिमदंश होतो. त्यामुळे खुराड्याला छपराखाली, पक्ष्यांच्या डोक्यापेक्षा बरेच वर, झरोके हवेतच, आणि ते भर थंडीतही उघडे हवेत. खाली मात्र, जिथे बदके बसतात त्या उंचीवर, वाऱ्याची झुळूकही येता कामा नये. बदक कोंबडीसारखे दांडीवर झोपत नाही, जमिनीवरच बसते, म्हणून जमिनीला महत्त्व.

आपल्याकडचे कुक्कुटपालनवाले जिला ‘गादी पद्धत’ म्हणतात तीच लेक वापरते. खाली सुताराच्या रंध्यातून निघतात तशा लाकडाच्या सालपटांचा थर, वर गव्हाचे काड. काडी आतून पोकळ असते, तिच्यात हवा अडकते, म्हणून ते गवतापेक्षा उबदार. वरचा थर ओला झाला की त्यावर नवे काड पसरायचे. खालचा थर हळूहळू कुजतो आणि थोडी ऊब देतो. ही गादी वसंतात एकदाच उपसायची. पण अधूनमधून गुडघ्यावर बसून, नाक बदकाच्या उंचीला नेऊन वास घ्यायचा. डोळे चुरचुरले तर अमोनिया साचला आहे असे समजायचे आणि त्याच दिवशी साफसफाई करायची. बँकेत शाखा तपासणीला येणारे साहेब खुर्चीत बसून वह्या पाहत. लेकीची तपासणी मला जास्त पटली.

खुराड्याच्या वायव्येला काडाचे गठ्ठे रचून भिंत केली होती, कारण तिकडून वारा येतो. अंगणातल्या जाळीच्या पिंजऱ्याला त्या बाजूने जाड प्लास्टिक लावले होते. पिंजऱ्यातही काडाची वाट पसरलेली. खोल बर्फात बदक चालायला नाखूष असते आणि गुळगुळीत बर्फावर त्याचे पाय फाकतात. पेकिनसारख्या जड बदकाचा पाय एकदा असा दुखावला की महिनाभराचे काम.

आणि पाणी! हिवाळ्यातली निम्मी मेहनत पाण्याची. बदकाला कोरडा दाणा पाण्याच्या घोटाबरोबरच गिळता येतो, पाणी नसेल तर तो घशात अडकतो. शिवाय नाकपुड्या आणि डोळे धुवायला चोच डोळ्यांपर्यंत बुडेल इतके खोल पाणी लागते. उणे वीसला बादलीभर पाणी बघता बघता दगड होते. तिकडे तळाशी विजेची तार असलेल्या बादल्या मिळतात, त्या पाणी गोठू देत नाहीत. लेकीकडे अशी एक होती, आणि बाकी काळी रबरी घमेली. रबरी घमेल्याचा गुण असा की, ते उपडे करून वर पाय दिला की बर्फाची अख्खी चकती सुटून पडते, घमेले फुटत नाही. अंगणाच्या कडेला अशा चकत्यांची चळत लागली होती. खुराड्यात रात्री ना दाणा ना पाणी, नाहीतर गादीचा चिखल होतो. पण रात्र चौदा तासांची, म्हणून लेक नऊ वाजता बादली घेऊन पुन्हा बाहेर पडायची, सगळ्यांना पाणी पाजायची, मूठमूठ भरडलेला मका द्यायची आणि मगच दार लावायची. मक्याने रात्री अंगात ऊब राहते. दाराला दोन कड्या. तिकडचे रॅकून नावाचे जनावर साधी कडी हाताने उघडते.

मी हिशेब मांडलाच. सहा बदकांना दिवसाला साधारण किलोभर दाणा, थंडीत त्याहून जास्त. बावीस किलोचे पोते तीन आठवडे पुरायचे नाही. त्यात काड, वीज, आणि दाण्यात मिसळायचे यीस्ट, कारण बदकाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीपेक्षा जास्त लागते. दिवस लहान झाल्यामुळे पेकिनांची अंडी बंद, चकली आणि पेढा घालतील तेवढीच, तीही पहाटे वेळेत उचलली नाहीत तर गोठून तडकायची. एका अंड्याची किंमत काढून लेकीला सांगितली, तर ती म्हणाली, ‘‘आई, तू मला वाढवलेस त्याचा हिशेब काढला होतास का?’’ आयआरडीपीच्या काळात मी म्हशी-शेळ्यांची कितीतरी कर्जे मंजूर केली. मेलेल्या म्हशीचा बिल्ला लावलेला कानच विम्यासाठी टेबलावर आणून ठेवणारे कर्जदार पाहिले. पण जनावर जगावे म्हणून असा आटापिटा करणारे आणि त्यातून काहीच न मिळणारे खातेदार माझ्या खातेवहीत नव्हते.

२०१९च्या जानेवारीच्या शेवटी उत्तर ध्रुवाकडची थंड हवा खाली घसरली. ३० तारखेला सकाळी मिनिआपोलिसला उणे ३३ अंश होते, वारा धरला तर उणे पंचेचाळीसच्याही खाली. शाळा बंद, आणि त्या दिवशी मिनेसोटात टपालही वाटले गेले नाही. उणे चाळीसला फॅरनहाइट आणि सेल्सिअस एक होतात, हे शाळेत शिकलेले. तिथे शेजारीपाजारी त्या आकड्याबद्दल आपण पावसाबद्दल बोलतो तसे बोलत होते.

नेमकी त्याच्या आदल्या दिवशी बर्फी लंगडू लागली. बर्फाच्या धारेने तिचा तळवा कापला होता आणि पाऊल सुजले होते. बदकाच्या तळव्याला जखम झाली की आत जंतू शिरतात, गाठ होते. पण त्याहून तातडीची गोष्ट वेगळी होती. दुखरा पाय ती पिसांत ओढून घेत नव्हती, बाजूला पसरून बसत होती. तशा थंडीत रात्रभर तो पाय उघडा राहिला असता तर सकाळी काळा पडलेला दिसला असता.

जेवणाच्या टेबलावर मोठी बैठक झाली. जावईबापूंचे म्हणणे, खुराड्यात उष्णतेचा दिवा लावू. कोंबड्यांच्या पिल्लांना लावतात तो. लेकीने साफ नकार दिला. खाली वाळलेले काड, हवेत पिसांची धूळ, पाणी उडवणारी बदके आणि वर तापलेला बल्ब. अशा दिव्यांमुळे तिकडे दर हिवाळ्यात खुराडी पेटतात. नातवाचे म्हणणे, सगळ्यांना दिवाणखान्यात आणू. त्यालाही लेक तयार नव्हती. धडधाकट बदकाला विशीच्या उबेत आणून पुन्हा बाहेर सोडणे म्हणजे त्याने महिनोन्‌महिने कमावलेली सवय मोडणे. ‘‘आई, तुम्हाला काय वाटते?’’ जावईबापूंनी विचारले. मी म्हटले, पाच जणांचा निर्णय एका आजाऱ्यावरून घेऊ नये.

शेवटी बर्फी गॅरेजमध्ये आली. तिथे हीटर नाही, पण घराची भिंत लागून असल्याने शून्याच्या जरा वर राहते. एकटे बदक खंगते, म्हणून सोबतीला करंजी. लेकीने कोमट, हाताला जेमतेम लागेल अशा पाण्यात तिचा पाय धरला. अशा वेळी पाय चोळायचा नसतो आणि कढत पाणी तर मुळीच घ्यायचे नसते. सुईणीसारखी ती पाटावर बसली होती, मांडीवर टॉवेल, टॉवेलात बर्फी. बाहेर चौघांच्या खुराड्यात दुप्पट काड घातले. तरी रात्री एकला आणि चारला ती दोनदा अंगावर सगळे कपडे चढवून बाहेर गेली. मी जागीच होते. दार उघडले की घरभर धुके शिरायचे. ‘‘काय करताहेत?’’ मी विचारले. ‘‘झोपलीत. चोची पाठीत खुपसून. मीच वेडी.’’

चौघे सुखरूप राहिले. बर्फीच्या पायाचे पडदे कडेने काळवंडले आणि दोन बोटांची टोके पुढे तीन आठवड्यांत गळून पडली. तोपर्यंत गाठ डॉक्टरांनी साफ केली होती. मार्चमध्ये बर्फ वितळून चिखल झाला. बदकांच्या पायांना तो चिखल थंडीइतकाच वाईट. मी परत निघाले तेव्हा ती किंचित झोकांडत चालत होती, बाकीच्यांच्या मागून.

त्यानंतर मी गेले ते २०२३च्या डिसेंबरात, आणि परस ओळखू येईना. पिंजऱ्याला वरून छप्पर आणि बारीक जाळी. पलीकडच्या तळ्यावर बदकांना नेणे बंद. दाराशी वेगळे बूट, ते फक्त खुराड्यात घालायचे, आणि जंतुनाशकाची परात. २०२२च्या सुरुवातीला एच-पाच-एन-एक हा बर्ड फ्लू अमेरिकेत पोचला आणि रानबदकांच्या वाटेवाटेने देशभर गेला. मिनेसोटातल्या टर्की पाळणाऱ्यांचे कळपच्या कळप गेले. बदकाच्या बाबतीत तर अडचण अशी की, ते पुष्कळदा वरून ठणठणीत दिसते आणि विषाणू बाळगून असते. एखाद्या परसात तो सापडला की तिथले सगळे पक्षी मारतात, आजारीही आणि धडधाकटही. मला २००६चा फेब्रुवारी आठवला. नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या, आणि त्यांच्यामागे उभी असलेली कर्जे तशीच राहिली. नवापूर म्हणजे व्यवसाय होता. इथे पेढा, चकली आणि बर्फी होत्या, आणि अकरा वर्षांचा नातू. करंजी आणि मोदक वयाने गेले होते, इडलीला कोल्ह्याने नेले.

‘‘एखादे वेळी आपल्याकडे निघाला तर?’’ मी लेकीला बाजूला घेऊन विचारले. ती म्हणाली, ‘‘तर मीच फोन करीन. लपवणार नाही. त्याला सांगून ठेवले आहे.’’ नातवाने ते ऐकले असावे. तो बूट बदलून बाहेर गेला आणि बराच वेळ घमेल्यांतले बर्फ फोडत राहिला.

तिसऱ्या दिवशी तळ्याच्या कडेला मोकळ्या राहिलेल्या पाण्यात तीस-चाळीस रानबदके उतरली होती. पाणी उघडे असेल तर ती भर हिवाळ्यातही तिथेच राहतात, दक्षिणेला जातच नाहीत. त्यांचा आवाज परसापर्यंत येत होता. बर्फी जाळीपाशी येऊन मान वाकडी करून ऐकत होती. लेकीने प्लास्टिकची आणखी एक पट्टी आणून त्या बाजूला ठोकली.

गेल्या नोव्हेंबरात तिचा फोन आला. पेढाही गेली होती. उरलेल्या दोघी आठ वर्षांच्या, अंडी कधीच बंद. मी विचारले, या दोघींनंतर नवी पिल्ले आणणार का? म्हणाली, ठरवले नाही. मग तिकडच्या शेतकऱ्याने काड किती महाग केले आहे ते सांगू लागली. तरी चौदा गठ्ठे घेतले होते, दोघींना चौदा. वायव्येची भिंत रचून झाली होती आणि नातू, आता तिच्यापेक्षा उंच झालेला, छपरावर चढून झरोक्यांतली जाळी घासत होता.